चित्रकथा आणि चित्रकला

चित्रकथा आणि चित्रकला : चौकटींच्या क्रमातून, बहुधा शब्दांच्या साहाय्याने, कथा सांगणारा दृश्यप्रकार म्हणजे चित्रकथा. इंग्रजी ‘कॉमिक’ या संज्ञेचा मूळ अर्थ ‘विनोदी’ असा असला, तरी पुराणकथा, चरित्र, इतिहास, साहस, युद्ध व आत्मकथन असे सर्व विषय या प्रकारात हाताळले गेले आहेत. त्यामुळे मराठीतील ‘चित्रकथा’ ही संज्ञा अधिक अन्वर्थक ठरते. ललित कला म्हणून मान्यता पावलेली चित्रकला व लोकरंजनासाठी छापली जाणारी चित्रकथा यांच्यात विसाव्या शतकात एक प्रतिष्ठेची भिंत उभी राहिली. पहिलीला कलावीथी, संग्रहालय व समीक्षा लाभली; दुसरीला वृत्तपत्रविक्रेत्याचा ठेला व मुलांचे दप्तर. प्रत्यक्षात मात्र दोहोंचे कलावंत, तंत्रे, प्रतिमा आणि प्रेक्षक यांची सतत देवाणघेवाण होत आलेली आहे. महाराष्ट्रात, विशेषतः कोल्हापूर व त्याच्या परिसरात, ही देवाणघेवाण अधिक ठळकपणे दिसते. दरबारी चित्रकार, नाटकांचे पडदे रंगविणारे, चित्रपटांची भित्तिपत्रके काढणारे आणि व्यंगचित्रकार हे सर्व तेथे एकाच वातावरणात वाढले. प्रस्तुत नोंदीत या संबंधाचा, त्यातील लाभहानीचा व त्याच्या मूल्यमापनातील प्रश्नांचा परामर्श घेतला आहे.

स्वरूप व भेद : दोन्ही कलांची मूळ सामग्री एकच असते : रेषा, आकार, रंग, छायाभेद व अवकाशाची मांडणी. भेद मुख्यतः काळाच्या हाताळणीत आहे. फलकावरील चित्र एका क्षणात अनेक क्षणांचा अर्थ साठवते व पाहणाऱ्याला स्वतःच्या गतीने त्यात फिरू देते. चित्रकथेत काळ चौकटींत विभागला जातो. एका चौकटीत उगारलेला हात दुसऱ्या चौकटीत खाली आलेला असतो; मधली क्रिया रेखाटलेली नसते, ती वाचक मनाने पूर्ण करतो. दोन चौकटींमधील ही कोरी पट्टी म्हणजे चित्रकथेचे खास साधन होय. ती रुंद करावी की अरुंद, तेथे किती काळ जाऊ द्यावा, पानाच्या अखेरीस कोणता क्षण ठेवावा, यांवर चित्रकथाकाराचे कौशल्य अवलंबून असते. प्रत्येक चौकट स्वतंत्रपणे सुंदर असूनही पान निर्जीव राहू शकते. उलट अगदी साध्या रेखाटनांचा क्रम विलक्षण परिणाम घडवू शकतो. यास्तव फलकचित्राच्या कसोट्या चित्रकथेस जशाच्या तशा लावणे अयोग्य ठरते.

प्रतिष्ठेच्या दृष्टीने केले जाणारे इतर भेद तितकेसे टिकत नाहीत. चित्रकथा छापील व अनेकप्रत असते हे खरे. परंतु कोरीव ठसे, शिळामुद्रिते व काष्ठठसे हेही अनेकप्रत असून त्यांना ललित कलेत स्थान आहे. चित्रकथा अनेकांच्या श्रमांतून होते, एकजण संहिता लिहितो, दुसरा रेखाटतो, तिसरा शाई वा रंग भरतो, असाही आक्षेप घेतला जातो; परंतु लघुचित्रशैलींतील कारखाने व युरोपीय प्रबोधनकाळातील चित्रशाळा यांतही श्रमविभागणी होतीच. ग्राहकाच्या मागणीनुसार काम करणे हे तर दरबारी चित्रकाराच्या वाट्यालाही आले. या दोन कलांमधील सीमारेषा कलेच्या अंगभूत गुणांपेक्षा ती ज्या संस्थांतून लोकांपुढे येते त्या संस्थांनी अधिक आखली आहे, असे यावरून दिसते.

पूर्वपरंपरा : क्रमचित्रांतून कथा सांगण्याची परंपरा महाराष्ट्रात प्राचीन आहे. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्यातील विश्वंतर जातकाच्या चित्रणात एकच नायक एका सलग भिंतीवर पुनःपुन्हा अवतरतो. तेथे चौकटीच्या रेषा नाहीत. स्तंभ, दारे, वृक्ष व पात्रांच्या वळलेल्या मुद्रा यांनी प्रसंग वेगळे केले आहेत. चौकटींची स्पष्ट विभागणी आढळते ती वीरगळांत. शिलाहारांची सत्ता नांदलेल्या कोल्हापूर परिसरात, विशेषतः करवीर तालुक्यातील बीडसारख्या गावी, असे वीरगळ पहावयास मिळतात. वीरगळ सामान्यतः खालून वर वाचावयाचा असतो. सर्वांत खालच्या पट्टीत लढाई वा गोधनाच्या रक्षणाचा प्रसंग व वीराचा मृत्यू, मधल्या पट्टीत अप्सरा त्याला वर नेत आहेत असे दृश्य, त्यावरील पट्टीत शिवलिंगाची पूजा आणि शिरोभागी कलश व चंद्रसूर्य असा क्रम असतो. मरण, आरोहण व मुक्ती या तीन अवस्था तीन पट्ट्यांत मांडणारा हा शिल्पी, आडव्या कोऱ्या कडांचा उपयोग काळ ओलांडण्यासाठी करतो. अक्षराची ओळख नसलेल्या वाटसरूलाही ही कथा वाचता येत असे, हे त्याच्या रचनेचे यश होय.

चित्र दाखवून कथा सांगणाऱ्या चित्रकथकाचा उल्लेख चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या मानसोल्लास (बारावे शतक) या ग्रंथात येतो. या परंपरेचा महाराष्ट्रातील जिवंत अवशेष म्हणजे सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कुडाळजवळच्या पिंगुळी येथील ठाकर समाजाची चित्रकथी. सु. ३० × ४० सेंमी. आकाराच्या कागदांवर रंगविलेली चित्रे पाठीला पाठ चिकटवून त्यांची ‘पोथी’ बनवितात. रामायण, महाभारत व पुराणे यांतील आख्यान गाताना कथेकरी एकेक चित्र प्रेक्षकांपुढे धरतो. वीणा, टाळ, हुडूक यांची साथ असते. पात्रांचे चेहरे बहुधा एका बाजूने दाखविलेले, डोळे मोठे, बाह्यरेषा जाड व पार्श्वभूमी जवळजवळ रिकामी, ही या चित्रांची वैशिष्ट्ये होत. अंधुक दिवटीच्या उजेडात, काही अंतरावरून, क्षणभरच दिसणाऱ्या चित्राला ही वैशिष्ट्ये अनुरूप आहेत. एका चित्राची जागा दुसरे चित्र घेते तो क्षण गायकाच्या हातात असतो. म्हणजे चौकटींमधील कोऱ्या पट्टीचे कार्य येथे स्वर करतो. पैठण शैली म्हणून ओळखली जाणारी चित्रेही याच कुळातील असून अशा चित्रांचा संग्रह पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आहे. पिंगुळीचे परशुराम गंगावणे यांना या कलेच्या जतनाबद्दल २०२१ मध्ये पद्मश्री हा किताब जाहीर झाला. दीर्घकाळ ‘भिक्षेकऱ्याचे साधन’ म्हणून दुर्लक्षिलेल्या पोथ्यांची पाने वेगळी होऊन संग्राहकांच्या भिंतींवर गेली, तेव्हा त्यांना ‘चित्र’ म्हणून मान मिळाला. परंतु क्रम तुटल्याने त्यांची कथा हरवली. ललित कलेत प्रवेश मिळताना द्यावी लागणारी किंमत या उदाहरणातून स्पष्ट होते.

कोल्हापूरची चित्रपरंपरा : एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून कोल्हापुरात पाश्चात्त्य वास्तववादी पद्धतीची चित्रकला रुजली. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेत शिकलेले आबालाल रहिमान (मृ. १९३१) यांनी दरबाराच्या आश्रयाने काम केले, रंकाळा, कोटितीर्थ व पंचगंगा यांच्या परिसरातील त्यांची निसर्गचित्रे ही या परंपरेची शुद्ध चित्रकलेची बाजू दर्शवितात. कोल्हापुरातच जन्मलेले महादेव विश्वनाथ धुरंधर (१८६७–१९४४) यांनी मात्र चित्रकला व छापील चित्र यांत कधी अंतर मानले नाही. १८९० मध्ये ते जे. जे. कलाशाळेत दाखल झाले, पुढे तेथेच अध्यापक झाले व निवृत्तीपूर्वी संचालकपदाचे काम पाहण्याचा मानही त्यांना मिळाला. तैलरंगातील भव्य प्रसंगचित्रांबरोबर त्यांनी टपाल-पत्रांवरील चित्रे, रेल्वेची भित्तिपत्रके व ग्रंथचित्रे विपुल काढली. सी. ए. किंकेड यांच्या डेक्कन नर्सरी टेल्स (१९१४) या पुस्तकातील चित्रे त्यांचीच. टपाल-पत्रांवर त्यांनी मुंबईतील व्यवसाय, वेशभूषा व कौटुंबिक गंमतीचे प्रसंग टिपले. मोजक्या रेषांत व्यक्तीचा पेशा, तिची ऐट व तिचा क्षणिक भाव पकडण्याची जी हातोटी त्यांत दिसते, ती त्यांच्या मोठ्या तैलचित्रांत कित्येकदा सजावटीखाली दबून जाते. कथनक्षम रेषेच्या दृष्टीने पाहता धुरंधरांचे ‘किरकोळ’ काम हेच त्यांच्या ‘थोर’ कामाहून सरस ठरते, असे म्हणावयास जागा आहे.

या परंपरेला निर्णायक वळण दिले ते आनंदराव (मृ. १९१६) व बाबूराव पेंटर (१८९०–१९५४) या मेस्त्री घराण्यातील बंधूंनी. औपचारिक कलाशिक्षण नसतानाही त्यांनी संगीत नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवून कीर्ती मिळविली. पडद्यावरील राजवाडा, अरण्य वा रस्ता हा नाटकातील काळाबरोबर बदलावा लागतो. तेव्हा दृश्यांचा क्रम बांधण्याचे शिक्षण त्यांना रंगभूमीवर मिळाले. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढून सैरंध्री (१९२०) व सावकारी पाश (१९२५) यांसारखे चित्रपट निर्माण केले. चित्रीकरणापूर्वी पात्रे, वेशभूषा व नेपथ्य यांची रेखाटने ते स्वतः करीत. कागदावर आधी दृश्य पाहून मग ते कॅमेऱ्यापुढे उभे करण्याची ही पद्धत चित्रकथेच्या निर्मितिप्रक्रियेशी सख्खे नाते सांगते. चित्रपटांची सचित्र भित्तिपत्रकेही त्यांनी काढली. कल्याण खजिना (१९२४) या त्यांच्या चित्रपटाचे भित्तिपत्रक हे आज उपलब्ध असलेल्या सर्वांत जुन्या भारतीय चित्रपट-भित्तिपत्रकांपैकी एक होय. एस्. फत्तेलाल, विष्णुपंत दामले व व्ही. शांताराम ही मंडळी याच कंपनीत घडली व १९२९ मध्ये कोल्हापुरात प्रभात फिल्म कंपनीच्या स्थापनेत सहभागी झाली. चौकट, तीतील प्रकाशाचे क्षेत्र आणि पात्राची जागा यांविषयीची चित्रकाराची दृष्टी त्यांनी चित्रपटात नेली.

भित्तिपत्रक हे एका चौकटीत आटोपलेले कथानक असते. नायकाचा चेहरा, खलनायकाची सावली, दूरवर दिसणारी घटना व चित्रपटाच्या नावाची अक्षरे हे सर्व घटक एकाच कागदावर वेगवेगळ्या प्रमाणांत येतात, आणि रस्त्याने जाणाऱ्याला ते काही पळांत वाचता यावे लागतात. चित्रकथेच्या मुखपृष्ठाचा व्याकरणग्रंथच जणू येथे तयार झाला. कोल्हापूरचे जी. कांबळे यांनी मुगल-ए-आझम (१९६०) या चित्रपटाच्या जाहिरातीसाठी केलेली रंगकामे ही या कलेची परमावधी मानली जाते. अशा फलकांची नियती मात्र ठरलेली असे : चित्रपट उतरला की फलक पुसून त्यावर पुढील चित्र रंगविले जाई. शहरातील हजारो लोकांनी पाहिलेली, एका पिढीची दृश्यरुची घडविणारी ही चित्रे आज जवळपास नाहीशी झाली आहेत. चंद्रकांत मांडरे (१९१३–२००१) हे चित्रपटातील नट व निसर्गचित्रकार अशा दोन्ही नात्यांनी ओळखले गेले. त्यांच्या चित्रांचे संग्रहालय कोल्हापुरात आहे. एकाच परंपरेतील एका प्रकारच्या चित्रांना संग्रहालय व दुसऱ्या प्रकारच्या चित्रांना चुन्याचा हात, हा विरोधाभास लक्षणीय आहे. कलाकृती टिकण्याचा प्रश्न तिच्या गुणांवर नव्हे, तर तिला कोणत्या वर्गात घातले यावर ठरला.

शेजारच्या औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) यांचे चित्ररामायण (१९१६) हा याच प्रदेशातील एक वेगळा प्रयोग होय. त्यांनी स्वतः चित्रे काढून रामकथा क्रमाने मांडली व प्रत्येक चित्रास मजकुराची जोड दिली. हे ग्रंथचित्रण असले, तरी त्याचे वाचन चित्रांच्या क्रमाने होते, मजकुराच्या क्रमाने नव्हे. चौकटी मात्र एकमेकींत मिसळत नाहीत. प्रत्येक पान हे स्वतंत्र फलकचित्राप्रमाणे थांबते. राजा रविवर्मा यांच्या छापील चित्रांचा प्रभाव असलेल्या या काळात ‘एक प्रसंग, एक चित्र’ या कल्पनेतून बाहेर पडणे कठीण होते, हे या प्रयोगाच्या मर्यादेतून कळते.

व्यंगरेषा : चित्रकलेतून चित्रकथेकडे जाणारा दुसरा मार्ग व्यंगचित्राचा. चित्रकलेचे शिक्षण घेतलेले शंकरराव किर्लोस्कर (१८९१–१९७५) यांनी किर्लोस्करवाडीहून निघणाऱ्या किर्लोस्कर मासिकात रूढी व ढोंग यांवर प्रहार करणारी व्यंगचित्रे काढली. सामाजिक सुधारणेचा आग्रह धरणारी ही चित्रे वाचकांच्या घरात मासिकाबरोबर पोचली. त्यांत शब्दांचा भार पुष्कळ असे. बेळगाव जिल्ह्यातील भोज येथे जन्मलेले व कोल्हापुरात शालेय शिक्षण घेतलेले शि. द. फडणीस (ज. १९२५) यांनी तो भार जवळजवळ पूर्णपणे उतरविला. मोहिनी, हंस इ. नियतकालिकांच्या मुखपृष्ठांवरील त्यांची चित्रे शब्दाविना हसवितात. पोशाखावरील नक्षीतील मांजरे व उंदीर यांच्यात नाते जुळविणारे १९५२ मधील त्यांचे मोहिनीचे मुखपृष्ठ विख्यात आहे. त्यांच्या चित्रात विनोद हा प्रसंगापेक्षा आकृतिबंधात असतो. सपाट रंगक्षेत्रे, स्वच्छ बाह्यरेषा व अलंकरणात्मक पुनरावृत्ती यांमुळे ती आधुनिक चित्रकलेच्या अधिक जवळ जातात. ‘हसरी गॅलरी’ या नावाने त्यांनी आपल्या चित्रांची प्रदर्शने भरविली व मासिकाचे चित्र कलावीथीच्या भिंतीवर नेले. पान उलटून पुढे जाणारा वाचक तेथे थांबून पाहू लागला आणि रेषेची बांधणी त्याच्या ध्यानात आली.

कोल्हापुरात जन्मलेले वसंत सरवटे (१९२७–२०१६) यांचे स्थान या संदर्भात विशेष महत्त्वाचे आहे. व्यवसायाने ते स्थापत्य अभियंते होते. ललित मासिकातील जयवंत दळवी यांच्या ‘ठणठणपाळ’ या टोपणनावाच्या सदरासाठी त्यांनी काढलेली चित्रे व पु. ल. देशपांडे यांच्या पुस्तकांतील चित्रे मराठी वाचकांच्या स्मरणात आहेत. ठणठणपाळ हे मूळचे केवळ नाव. त्याला देह, वेश व चालण्याची ढब दिली ती सरवट्यांनी. मजकुरावरून चित्र काढण्याऐवजी चित्रानेच पात्र घडविण्याची ही प्रक्रिया चित्रकथेची आहे. याहून मोठे त्यांचे कार्य म्हणजे व्यंगचित्रकलेची समीक्षा. व्यंगकला-चित्रकला, परकी चलन इ. पुस्तकांतून त्यांनी देशोदेशींच्या व्यंगचित्रकारांचा मराठी वाचकांना परिचय करून दिला व व्यंगचित्र हे चित्र म्हणून कसे पाहावे याचा वस्तुपाठ घालून दिला. ‘विनोद काय आहे?’ यापुढे जाऊन ‘तो रेषेत कोठे आहे?’ हा प्रश्न मराठीत रुजविण्याचे श्रेय बऱ्याच अंशी त्यांच्याकडे जाते. या दोन कलांच्या संबंधाविषयी मराठीत गांभीर्याने लिहिणारा समीक्षक हा चित्रकथेच्या बाजूने आला, कलाशाळेच्या बाजूने आला नाही, ही बाब विचार करण्यासारखी आहे.

आधुनिक मराठी चित्रकथा : चांदोबा (मराठी आवृत्ती १९५२ पासून), महाराष्ट्र राज्य पाठ्यपुस्तक मंडळाचे किशोर (१९७१) यांसारख्या मासिकांनी सचित्र कथेची गोडी लावली. इंद्रजाल कॉमिक्स (१९६४–९०) या मालिकेतून ‘वेताळ’ या परदेशी नायकाच्या साहसकथा मराठीतही आल्या. अनंत पै (१९२९–२०११) यांच्या संपादनाखाली १९६७ मध्ये सुरू झालेल्या अमर चित्र कथा या मालिकेने पुराणे, इतिहास व चरित्रे ३२ पानी अंकांत आणली. तिच्या चित्रकारांत राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम अशा मराठी चित्रकारांचा मोठा वाटा होता. मालिकेची दृश्यभाषा मात्र मुख्यतः राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांच्याकडून आलेली होती. मुंबईत १८९४ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या शिळामुद्रणालयातून देवदेवतांची रंगीत चित्रे घरोघरी गेली. त्यांपाठोपाठ दिनदर्शिका, भित्तिपत्रके व चित्रपट यांनी तीच रूपे रुळविली. दीनानाथ दलाल (१९१६–७१) व रघुवीर मुळगावकर (१९१८–७६) यांच्या मुखपृष्ठांनी व दिनदर्शिकांनी मराठी घरांत या रूपांना मोहक लावण्य दिले. चित्रकथा वाचणाऱ्या मुलाला कृष्ण किंवा शकुंतला ओळखण्यास अडचण पडली नाही. ती त्याच्या घरच्या भिंतीवर आधीपासून होती.

या वारशाचा लाभ व तोटा दोन्ही झाले. शरीररचना, वस्त्रांच्या चुण्या, दागिने व वास्तू यांचे काळजीपूर्वक रेखन हा लाभ. वाईरकरांच्या रेषेतील चापल्य आणि मुळीकांच्या रेखाटनांतील बांधेसूद देह व युद्धप्रसंगांची गती यांमुळे अनेक अंक चित्र म्हणूनही टिकून राहिले. परंतु फलकचित्रातून उचललेली मुद्रा चौकटीत आली, की कथा तेथे थबकते. नायक प्रत्येक चौकटीत जणू पूजेसाठी उभा राहतो, सुष्ट पात्रे गौर व रेखीव आणि दुष्ट पात्रे काळी व बेढब ठरतात, स्त्रीदेहाला एकच साचा मिळतो. रंगवर्णाशी सद्गुण जोडणारी ही पद्धत केवळ कलादृष्ट्या ढोबळ नाही. ज्या समाजात वर्ण आणि जात यांचे ओझे माणसे वाहतात, तेथे ती मुलांच्या मनात अन्याय्य प्रतिमा ठसविते. या मालिकेवर अभ्यासकांनी घेतलेला हा आक्षेप रास्त मानावा लागतो. विशेष म्हणजे याच भूमीत चित्रकथी व वीरगळ यांसारख्या क्रमकथनाच्या स्वतंत्र शैली उपलब्ध असूनही आधुनिक मराठी चित्रकथेने त्यांच्याकडे क्वचितच पाहिले. प्रतिष्ठित चित्रकलेचे अनुकरण करून आपणास प्रतिष्ठा मिळेल, अशी चित्रकथेची समजूत याच्या मुळाशी असावी.

पाश्चात्त्य व समकालीन संदर्भ : युरोपात विल्यम होगार्थ (१६९७–१७६४) याने १७३२ मध्ये सहा कोरीव चित्रांच्या मालिकेतून एका स्त्रीची जीवनकथा सांगितली, ती आधी रंगचित्रे म्हणून काढलेली होती. जिनीव्हाचा रॉडॉल्फ टॉप्फर (१७९९–१८४६) हा चित्रकाराचा मुलगा. नेत्रदोषामुळे चित्रकार होणे त्याला शक्य झाले नाही. त्याने मुक्त रेषेतील, चौकटींखाली मजकूर असलेल्या विनोदी कथा छापल्या. आधुनिक चित्रकथेचा जनक म्हणून त्याचा निर्देश केला जातो. अमेरिकन चित्रकार रॉय लिक्टनस्टाइन (१९२३–९७) याने १९६० नंतर चित्रकथांतील चौकटी उचलून, छपाईच्या ठिपक्यांसह, प्रचंड फलकांवर रंगविल्या. व्हाम! (१९६३) हे त्याचे सु. ४ मी. रुंदीचे द्विखंडी चित्र लंडनच्या टेट कलावीथीने १९६६ मध्ये घेतले. ज्या युद्धकथेतील चौकटीवर ते आधारलेले आहे, ती अर्व्ह नॉव्हिक या चित्रकाराने १९६२ मध्ये रेखाटली होती. एकाचे नाव संग्रहालयाच्या भिंतीवर गेले, दुसऱ्याचे नाव अभ्यासकांना शोधून काढावे लागले. लिक्टनस्टाइनने मूळ चौकटीची रचना बदलली, तिचा आकार व अर्थ बदलला, हे नाकारता येत नाही. तथापि चित्रकथेला कच्चा माल मानणारी दृष्टीही त्यात होती. चौकट क्रमातून काढताच ती ‘कला’ झाली, हा न्याय चित्रकथीच्या सुट्या पानांना लागू झालेल्या न्यायाहून वेगळा नाही.

पुढील काळात उलट दिशेने वाहतूक सुरू झाली. आर्ट स्पीगलमन याच्या माउस या ज्यू-संहारावरील चित्रकथेस १९९२ मध्ये पुलिट्झर विशेष पुरस्कार मिळाला व दीर्घ चित्रकथा गंभीर साहित्यात मोडू लागली. मुळात भारतीय वंशाच्या व न्यूयॉर्कमध्ये वाढलेल्या चित्रा गणेश यांनी टेल्स ऑफ ॲम्नीशिया (२००२) या कृतीत अमर चित्र कथेचीच दृश्यभाषा घेऊन तिच्यातील आज्ञाधारक स्त्रीप्रतिमा मोडली. महाराष्ट्राच्या दृष्टीने सर्वांत अर्थपूर्ण कृती म्हणजे भीमायन (२०११). डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना आलेल्या अस्पृश्यतेच्या अनुभवांवरील या पुस्तकाची चित्रे दुर्गाबाई व सुभाष व्याम या परधान गोंड चित्रकारांनी काढली; संहिता श्रीविद्या नटराजन व एस्. आनंद यांची. चौकोनी चौकटींत माणसांना कोंडण्यास चित्रकारांनी नकार दिला व भिंती-अंगणांवर काढल्या जाणाऱ्या दिग्ना या पारंपरिक नक्षीने पाने विभागली. सौम्य बोलणाऱ्याचा संवादफुगा पक्ष्याच्या आकाराचा, तर विखारी बोलणाऱ्याच्या फुग्याला विंचवाची नांगी आहे. येथे शैली ही विषयाचे अलंकरण न राहता विधान होते. कोणी कोणाशी कशा भाषेत बोलावे हा जातिव्यवस्थेचा गाभा चित्राच्या आकारातच येतो. महात्मा फुले यांच्या गुलामगिरी (१८७३) या ग्रंथावर आधारित अ गार्डनर इन द वेस्टलँड (२०११) ही श्रीविद्या नटराजन व अपराजिता निनान यांची चित्रकथाही याच सुमारास आली. ही दोन्ही पुस्तके मूळ इंग्रजीत निघाली. ज्या भाषेत गुलामगिरी लिहिली गेली, त्या मराठीत या तोडीची स्वतंत्र दीर्घ चित्रकथा प्रथम का घडली नाही, हा प्रश्न मराठी प्रकाशक व कलासंस्था यांनी स्वतःस विचारावा असा आहे.

मूल्यमापन : चित्रकला व चित्रकथा यांतील सीमा पुसून टाकावी, असे या आढाव्यातून निष्पन्न होत नाही. दोहोंचे काळाशी असलेले नाते भिन्न आहे व तेच त्यांचे वैभव आहे. आबालालांच्या निसर्गचित्रापुढे थांबणे आणि सरवट्यांचे चित्र पाहता पाहता मजकुराकडे जाणे हे दोन वेगळे अनुभव होत. आक्षेपार्ह आहे ती उतरंड : एका कलेचा नमुना जपावयाचा व दुसरीचा छपाई उरकताच टाकून द्यावयाचा, एकीच्या निर्मात्याची सही शोधावयाची व दुसरीच्या निर्मात्याचे नावही छापावयाचे नाही. या उतरंडीमुळे झालेली हानी भावनिक नाही, ती भौतिक आहे. नाटकांचे रंगविलेले पडदे जीर्ण झाले, चित्रपटफलक पुसले गेले, चित्रकथीच्या पोथ्या फुटल्या, मासिकांच्या मुखपृष्ठांची मूळ चित्रे पुष्कळदा मुद्रणालयांतून परतलीच नाहीत. यांशिवाय महाराष्ट्राच्या दृश्यकलेचा इतिहास लिहावयाचा झाल्यास तो अपुराच राहील.

कोल्हापूरची परंपरा या बाबतीत उपयुक्त उदाहरण पुरविते. तेथे चित्रकाराला ‘पेंटर’ म्हणत, आणि ही उपाधी दरबारी चित्रे काढणाऱ्यास, पडदे रंगविणाऱ्यास व दुकानाची पाटी करणाऱ्यास सारखीच लागू होई. बाबूरावांनी ती आडनावासारखी मिरविली. कामाचा दर्जा वर्गावरून न ठरविता हातावरून ठरविणारी ही कारागिरांची दृष्टी होती. दळवीज आर्ट इन्स्टिट्यूट, कलानिकेतन यांसारख्या कोल्हापुरातील कलासंस्थांतून शिकलेले अनेकजण पुढे उपयोजित कला, चित्रपट व ग्रंथचित्रण यांत गेले. कलाशिक्षणात क्रमकथनाचा, म्हणजे वीरगळ, चित्रकथी, भित्तिपत्रक व चित्रकथा यांचा, एकत्रित अभ्यास आला, आणि सार्वजनिक संग्रहालयांनी छापील चित्रांची मूळ रेखाटने संपूर्ण क्रमासह जतन केली, तर या परंपरेतील विखुरलेले दुवे पुन्हा सांधता येतील. सुटी चौकट कितीही सुंदर असली, तरी तिच्या आधीची व नंतरची चौकट हाती असल्याखेरीज चित्रकथेचे खरे मोल कळत नाही.